आंघोळीची तारीख

"ताई, आईची आंघोळ कधी बंद झाली गं? म्हणजे, तिची तिने करायची?"

धाकट्या बहिणीचा हा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी ओट्याशी मटकी भिजत घालत होते. हात ओले होते, फोन ओट्यावरच उजळला आणि ते वाक्य मी उभ्या उभ्या वाचलं. आई गेली २०२४च्या जानेवारीत. आम्ही दोघी तिच्याविषयी बोलतो ते तिच्या चिंचगुळाच्या आमटीविषयी, तिच्या चिडण्याविषयी, कपाटातल्या साड्यांचं काय करायचं याविषयी. आंघोळीचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाठोपाठ खुलासा आला. न्यू जर्सीत ती आणि तिचा नवरा लाँग टर्म केअर इन्शुरन्स, म्हणजे म्हातारपणी कुणी सांभाळायला लागलं तर त्याचा खर्च देणारा विमा, घ्यायच्या विचारात आहेत. फायदा तीन वर्षांचा घ्यायचा की पाच वर्षांचा, म्हणजे कंपनीने तो खर्च किती वर्षं द्यायचा, हे ठरत नाहीये. एजंट म्हणाला, तुमच्या आईवडिलांना शेवटी किती काळ दुसऱ्याच्या हाताची गरज लागली ते मोजा, आणि मोजायला सुरुवात आंघोळीपासून करा, बहुतेकांचं तेच आधी सुटतं. बाबा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, त्यामुळे त्यांचं मोजायला काही नाही. राहिली आई. मी "बघून सांगते" असं लिहिलं, जणू कुठे वही ठेवलीय. दिवा मालवला आणि पहाटेपर्यंत जागी राहिले.

कधी बंद झाली? डोंबिवलीच्या या घरात आईची आंघोळ मला स्वयंपाकघरातून ऐकू यायची. बाथरूमचं दार लोटल्याचा आवाज, मग कडी, मग बादलीत पाणी. पहिला तांब्या अंगावर घेताना "गंगे च यमुने चैव" हे ठरलेलं. श्लोक संपला की पाण्याचे आवाज एका लयीत यायचे, सात की आठ तांबे, आणि शेवटचा पायांवर. तो पायांवरचा आवाज वेगळा असे. तो आला की मी चहाचं आधण ठेवायची. पार्किन्सनचं निदान २०१५चं. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग ब्लाउजची हुकं लागेनात, मग तांब्याचा आवाज बदलला. अर्धं पाणी बादलीतच परत पडायचं. मग एक दिवस तिने पाठ चोळायला हाक मारली. पण पाठ तर बाबाही चोळून द्यायचे पूर्वी, ती काय मदत म्हणायची? मग मी पाणी घालायची आणि साबण ती लावायची. मग प्लॅस्टिकचं स्टूल आलं. आणि या सगळ्यात तिच्या गोळीचा खेळ वेगळाच. सकाळी सातला ती लाकडासारखी ताठ असे, गोळी लागू पडली की दहाला तीच आई स्वतः उठून "सर तिकडे, माझं मी बघते" म्हणायची. एकाच दिवशी तिची आंघोळ बंदही असे आणि चालूही.

बहिणीने पॉलिसीचा कागद पाठवला होता. रात्री दीडला चष्मा लावून तो वाचला. तिकडच्या या विम्यात सहा गोष्टी मोजतात. आंघोळ, कपडे घालणं, खाणं, संडासला जाणं, लघवी-शौचावर ताबा, आणि पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर जाता येणं. १९९६च्या एका अमेरिकन कायद्याने करसवलतीच्या पॉलिसींसाठी हे मोजमाप ठरवून दिलंय. सहापैकी दोन गोष्टी माणसाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमेनाशा झाल्या आणि निदान ९० दिवस तरी असंच राहील असं डॉक्टरने लिहून दिलं, किंवा स्मृती इतकी गेली की एकटं सोडणं धोक्याचं झालं, म्हणजे फायदा सुरू होतो. तोही लगेच नाही. बहुतेक जण सुरुवातीचे ९० दिवस स्वतःच्या खिशातून भागवायचं कबूल करून हप्ता कमी करून घेतात. म्हणून तारीख हवी. कुठल्या दिवसापासून मोजायचं ते कळायला हवं.

वाचता वाचता मला वाटायला लागलं की ही यादी मी आधी पाहिलीय. तशीच्या तशी. आंघोळ, कपडे, हालचाल. उठून कपाटातली निळी फाइल काढली, आमच्या मेडिक्लेमची. अपवर्जनांचं, म्हणजे कशाकशाचा खर्च मिळणार नाही त्याचं, पान उघडलं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी या अपवर्जनांची भाषा एकसारखी करून दिली, प्रत्येकाला नंबर दिले. त्यातला पाचवा नंबर. घरी किंवा संस्थेत केलेली 'कस्टोडियल केअर', म्हणजे आंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडायला-फिरायला मदत करणं, मग ते शिकलेल्या नर्सने केलेलं असो की साध्या बाईने, याचा खर्च मिळणार नाही. त्याच्याच खालच्या ओळीत, मरणाला टेकलेल्या माणसाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक, आध्यात्मिक गरजांसाठी केलेली सेवाही नाही. माझ्या एका हातात बहिणीचा कागद होता आणि दुसऱ्या हातात माझा.

तिच्या कागदावर ज्या यादीपासून पैसे सुरू होतात, माझ्या कागदावर त्याच यादीपाशी ते थांबतात.

आई पडली ती २०२०च्या नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच झाली होती. खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला. हॉस्पिटलातले नऊ दिवस मेडिक्लेमने उचलले, त्याची तक्रार नाही. पण घरी आणल्यावर ती पुन्हा उभी राहिली नाही. महिन्याभराने मी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे बघणाऱ्या संस्थेला, फोन केला होता. पलीकडचा मुलगा चांगला होता, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आंघोळ घालणं म्हणजे ट्रीटमेंट नाही ना." तो त्याचं काम करत होता. पण ते वाक्य पुढची तीन वर्षं माझ्या मनात रोज सकाळी होतं. गरम पाण्याचं घमेलं पलंगाशी आणायचं, खाली मेणकापड, दोन पंचे, एक ओला, एक कोरडा. आधी चेहरा, मग मान, मग एकेक हात. अंग उघडं टाकायचं नाही, जेवढं पुसायचं तेवढंच उघडायचं, लगेच झाकायचं. कुशीवर वळवून पाठ बघायची. माकडहाडाशी कातडी लाल दिसली की काळजाचा ठोका चुकायचा, कारण ती लाली दोन दिवसांत जखम होते आणि ती जखम मग माणसाला घेऊन जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून कपाटाच्या दारावर तक्ता लावला होता, डावी, उताणी, उजवी. तीन वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. ती ट्रीटमेंट नव्हती तर काय होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे माझ्या एकटीच्याने झालं नाही. ब्युरोतून मावशी यायच्या, दिवसपाळीला, आठ ते आठ. टिटवाळ्याहून लोकलने. आम्ही ब्युरोला दिवसाचे सातशे द्यायचो, मावशींच्या हातात साडेपाचशे पडायचे. हे मला पहिले चार महिने माहीतच नव्हतं. कळल्यावर मी दर महिन्याला वरून काही देत गेले, तेही पुरेसं नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्यांचे हात मोठे आणि गरम होते. थंडीत त्या आधी हात एकमेकांवर घासायच्या, मगच आजींच्या अंगाला लावायच्या. आईला भरवताना त्या स्वतःचा जबडा हलवायच्या, बघून आईचाही हलायचा. पुढे पुढे आई गिळायचं विसरायची तेव्हा त्या गळ्यावरून बोट फिरवून "आजी, गेला का घास? दाखवा बरं" म्हणायच्या. एका पावसाळ्यात त्या आठवडाभर आल्या नाहीत, सासूला बघायला कुणी नव्हतं म्हणून. त्यांची सासूही अंथरुणावर होती. एरवी तिचं सगळं त्यांची दहावीतली मुलगी करायची. शाळा सांभाळून. माझ्या आईची कूस दर दोन तासांनी बदलावी म्हणून टिटवाळ्यात एक पंधरा वर्षांची मुलगी आपल्या आजीची कूस बदलत होती. हे लिहितानाही मला ते नीट सहन होत नाही.

मावशींचे मिळून आठ लाखांच्या आसपास गेले. त्यात डायपर, एअर बेड, भाड्याचा पलंग, फिजिओ हे धरलेलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला बहिणीचे पैसे यायचे, एकदाही चुकले नाहीत. शिवाय मी शाळेतून चार वर्षं आधी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तो पगार कुठल्याच हिशेबात आला नाही. मी त्याबद्दल बोलले नाही आणि तिने विचारलं नाही. कधी कधी रात्री तीनला चादर बदलताना मला तिचा राग यायचा, तिचे पैसे वेळेवर येतात याचासुद्धा राग यायचा. आणि व्हिडिओ कॉलवर ती आईला "आई, मी कोण?" असं विचारून वाट बघत बसायची, आई नुसती बघायची, तेव्हा मला तिची इतकी कीव यायची की मी फोनमागून आईच्या कानात तिचं नाव सांगायची.

म्हणून आता तिने विचारलंय तर मला नीट उत्तर द्यायचं होतं. पुढचे चार दिवस मी हाच विषय धरून बसले. तिकडे निवृत्तांना मेडिकेअर, सरकारी आरोग्य विमा, असतं ना, मग वेगळा विमा कशाला, हा माझा पहिला प्रश्न. ती म्हणाली, मेडिकेअरचं तुझ्या मेडिक्लेमसारखंच आहे, ते बरं करायला पैसे देतं, सांभाळायला देत नाही. किमान तीन दिवस हॉस्पिटलात राहून पुढे नर्सिंगची गरज असली तर जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० पूर्ण, मग रोजचा वाटा आपला. नुसती आंघोळ आणि भरवणं असेल तर काहीच नाही. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, ते देतं, पण आपल्याजवळचं जवळजवळ सगळं संपल्यावर, आणि मुलांच्या नावावर काही केलं नाहीत ना, हे बहुतेक ठिकाणी मागची पाच वर्षं उकरून बघतात. नर्सिंग होममधल्या खोलीला वर्षाला लाखाच्या वर डॉलर जातात. दोघांचा मिळून हप्ता वर्षाला पाच हजार डॉलरच्या आसपास सांगितलाय, फायद्याची रक्कम दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढेल अशा बोलीवर.

मग तिने जे सांगितलं ते माझ्या मनातून जाईना. हप्त्यात तिचा वाटा नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असून. बायका जास्त जगतात आणि जास्त काळ अंथरुणावर असतात, म्हणून गेली दहा-बारा वर्षं कंपन्या बायकांना वेगळा, वाढीव दर लावतात. यामागचं कारण आपल्या कुठल्याही घरात शिरून बघितलं तरी कळेल. नवरा आजारी पडतो तेव्हा त्याला बायको असते. ती विम्याकडे जातच नाही, ती उठून घमेलं भरते. बायकोची पाळी येते तेव्हा बहुतेक वेळा घरात कुणी उरलेलं नसतं. म्हणजे तिने फुकट केलेल्या सेवेने त्याचा हप्ता कमी होतो आणि तिचा तिलाच वाढवून भरावा लागतो. बहीण हे आकडे सांगत होती तेव्हा तिचा आवाज तसाच होता, पण मी तिला लहानपणापासून ओळखते.

हप्ता आज आहे तो उद्या राहील याचीही खात्री नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडे हे विमे जोरात खपले, तेव्हा कंपन्यांनी धरलं होतं की बरेच लोक मध्येच हप्ता भरणं सोडतील. लोकांनी सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं, आणि ज्यासाठी घेतलं तेच म्हातारपण त्यांना आलं. वर व्याजदर पडले. मग वाढ सुरू झाली. एकट्या तुमचा हप्ता कंपनी वाढवू शकत नाही, पण त्या प्रकारच्या सगळ्या पॉलिसींचा, राज्याच्या विमा खात्याची परवानगी घेऊन, वाढवू शकते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन संस्थेने २०१२ मध्ये आपल्या हजारो सभासदांना ८५ टक्के वाढ सांगितली, लोक कोर्टात गेले. पेनसिल्व्हेनियातली पेन ट्रीटी नावाची कंपनी तर २०१७ मध्ये बुडीत निघाली, तिच्या ग्राहकांचे दावे राज्यांच्या हमी निधींनी ठरावीक मर्यादेपर्यंत घेतले. वीस वर्षं हप्ता भरलेला ऐंशीचा माणूस, पेन्शनवर जगणारा, त्याला पत्र येतं की इतका वाढवा नाहीतर फायदा कापून घ्या. पॉलिसी सोडून द्यायची तर बऱ्याचदा भरलेलं जवळजवळ सगळं जातं. ज्या वयात माणूस भांडू शकत नाही त्या वयात हे पत्र येतं. या विम्याबद्दल मला सगळ्यात मोठी भीती हीच वाटते. आयुर्विमा आणि ही सोय एकत्र बांधलेल्या पॉलिसी आता जास्त खपतात, त्यात निदान वापर झाला नाही तर मागे काही उरतं, पण त्यांना बऱ्याचदा आधी मोठी रक्कम लागते.

आणि हे सगळं धडधाकट असतानाच ठरवायचं. पार्किन्सन एकदा कागदावर आला की कुणी दारात उभं करत नाही.

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "तुम्ही दोघं इकडे परत आलात तर?" पंचवीस वर्षं त्यांचं चाललंय, रिटायर झाल्यावर पुण्याला नाहीतर इकडेच, ताईच्या जवळ, एक छोटा फ्लॅट घ्यायचा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेच तर." बऱ्याच पॉलिसी देशाबाहेर घेतलेल्या सेवेचे पैसे देत नाहीत, काही देतात ते थोडे आणि थोड्या दिवसांसाठी. शिवाय माणूस परवानाधारक लागतो, नोंदी लागतात. टिटवाळ्याहून येणाऱ्या मावशी त्यात कुठेच बसणार नाहीत. म्हणजे ही पॉलिसी घेतली की म्हातारपण तिकडेच काढायचं, हे मुकाट्याने ठरलं. आम्ही दोघींनी ते तोंडाने म्हटलं नाही. मी तिला डोंबिवलीत आज मावशींचा काय भाव आहे ते सांगितलं, तिने पाऊस किती झाला ते विचारलं.

मी तिला घे म्हणून सांगितलं. मला तिचं इथे येणं हवंय, तरी सांगितलं. कारण मला ठाऊक आहे की ती आली तर तिची कूस कोण बदलेल, आणि मी तोवर पंच्याहत्तरीला असेन. फक्त एवढं म्हटलं, की आज सहज झेपतो तेवढा हप्ता घेऊ नकोस, त्याहून लहान घे. उद्या दीडपट झाला तरी सोडावा लागणार नाही इतका. आणि पैसे वाचवायला फायद्यातली दरवर्षीची वाढ काढून टाकू नकोस, वीस वर्षांनी आजच्या रकमेत आंघोळीला बाई मिळणार नाही.

आपल्याकडे मला असा विमा बाजारातून नकोच आहे. आधीच इथे सगळी मदत हॉस्पिटलच्या दारात थांबते. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये येता येतं, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. ते चांगलंच आहे, पण तेही भरती झाल्यावर. २००७चा कायदा मुलांना आईवडिलांच्या निर्वाहाला बांधतो, पण ती मुलं नोकरी करून हे कसं करणार यावर तो काही बोलत नाही. जपानने २००० साली सांभाळण्याचा विमा सक्तीचा केला, चाळिशी लागली की प्रत्येकाने भरायचा. तिथेही आधी हे सगळं सुना आणि मुलीच उपसत होत्या. जर्मनीत १९९५ पासून आहे, आणि तिथली एक गोष्ट वाचून मी फाइल मिटून नुसती बसून राहिले. घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईने आठवड्याला ठरावीक तास दिले, तर तिच्या पेन्शनमध्ये तो विमा पैसे भरतो. म्हणजे तिचं ते करणं कुणीतरी काम म्हणून कुठेतरी लिहून ठेवतं. मला माझ्या चार वर्षांचं वाईट वाटत नाही, ती मी माझ्या आईला दिली. टिटवाळ्याच्या त्या मुलीचं वाटतं.

तारीख मात्र सापडत नव्हती. मी तीन वर्षं दोन महिने हाच आकडा धरून चालले होते, पडल्यापासून ती जाईपर्यंतचा. पण एजंटने आंघोळीपासून मोजायला सांगितलं होतं आणि आंघोळ तर त्याच्या कितीतरी आधीची. पाचव्या दिवशी दुपारी बाथरूम धूत होते. दाराच्या आतल्या बाजूला चौकटीवर दोन बुजवलेली भोकं आहेत, लांबीने भरलेली, रंग थोडा वेगळा. रोज दिसतात. त्या दिवशी हात तिथेच थांबला. ही कडी आम्ही काढून टाकली होती. आई आत गोळीविना ताठरून बसली होती, स्टुलावर, कडी लावून, वीस मिनिटं, आणि मी बाहेरून दार बडवत होते. आतून ती एवढंच म्हणाली होती, "येते गं, थांब." त्यानंतर सुतार बोलावला. त्यानंतर ती कधीच एकटी आत गेली नाही. दार लोटलेलं असायचं आणि मी आत असायची. श्लोकही मीच म्हणायची, तिने अडखळला की.

जुनी कालनिर्णयं आई टाकू देत नसे, दूध-गॅस-कामवालीचे खाडे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. माळ्यावरून गठ्ठा काढला. २०१८चा सप्टेंबर. तेराला गणपती, आणि अकराच्या चौकोनात, मंगळवार, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, "सुतार ३५०". आजारात तिचं अक्षर लहान लहान होत गेलं होतं. स्वतःच्या बाथरूमची कडी काढल्याचे पैसे तिने स्वतः लिहून ठेवले होते. मी बोटांवर मोजलं. पाच वर्षं चार महिने.

फोटो काढून बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, तीन नको, पाच वर्षांचं घे. निळ्या खुणा लगेच झाल्या. उत्तर यायला मात्र वेळ लागला. तिकडे सकाळ होती, ती ऑफिसला निघाली असेल असं वाटून मी माळ्यावरचं आवरायला लागले.

"ताई, हे अक्षर आईचं आहे ना?"